१,८७,५०० बॉड: सी लायब्ररी आणि कर्नल यांच्या हेडरांची टक्कर सोडवताना

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत आणि पलीकडे शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत एस७-२०० जातीचे जुने पीएलसी (मशीन चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) अजून रोज कामावर आहेत. फाउंड्रीच्या मालकाला ते बदलायचे नसतात आणि चालू मशीन बदलायचं काही कारणही नसतं. त्याला हवं असतं ते एवढंच: सँड प्लँटवर आज किती बॅच झाल्या, मिक्सर किती वेळ फिरला, पाणी किती पडलं, हे ऑफिसातल्या संगणकावर दिसलं पाहिजे. यासाठी आम्ही पीएलसी आणि एचएमआय पॅनल (ऑपरेटरचा पडदा) यांच्यामधल्या आरएस-४८५ या सिरियल लाइनवर लिनक्सचा एक छोटा डबा लावतो. तो नुसता ऐकतो, लाइनवर काही बोलत नाही. ट्रान्सीव्हरचा, म्हणजे लाइनशी जोडणाऱ्या चिपचा, डीई (पाठवणं चालू करणारा) पाय कायमचा ग्राउंडला बांधलेला असतो, त्यामुळे प्रोग्राम कितीही बिघडला तरी मशीनच्या संभाषणात आपला आवाज जात नाही.

अडचण वेगाची. ही लाइन सीमेन्सच्या पीपीआय प्रोटोकॉलवर चालते आणि त्यात वेग तीनच: ९,६००, १९,२०० किंवा १,८७,५०० बॉड (सेकंदाला बिट). बऱ्याच पॅनलवर तिसरा लावलेला असतो. फाउंड्रीतला इलेक्ट्रिशियन हमखास विचारतो, "साहेब, वेग कमी करून घेतला तर चालत नाही काय?" चालतं, पण मग पीएलसीच्या सिस्टिम ब्लॉकमध्ये आणि पॅनलच्या प्रोजेक्टमध्ये, दोन्हीकडे बदल करून दोन्ही परत लोड करायला लागतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या पॅनलची प्रोजेक्ट फाइल कुणाकडे असते? म्हणून वेग आहे तसाच ठेवायचा आणि लिनक्सला त्या वेगावर आणायचं.

इथेच सी लायब्ररी आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) यांची हेडर, म्हणजे सी प्रोग्रामला नावं आणि व्याख्या पुरवणाऱ्या फाइली, एकमेकांना भिडतात. टर्मिओस.एच हे हेडर जीलिबसीचं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं. त्यात वेगासाठी ठरावीक नावं आहेत. १,१५,२०० नंतर एकदम २,३०,४००. १,८७,५०० साठी नावच नाही. कर्नलला मात्र कुठलाही आकडा चालतो. त्यासाठी टर्मिओस२ नावाचं वेगळं स्ट्रक्चर (डेटाचा साचा) आहे, त्यात वेगाच्या बिटांच्या जागी ‘बी-अदर’ हा झेंडा लावायचा आणि हवा तो आकडा सरळ लिहायचा. हे स्ट्रक्चर मिळतं एएसएम/टर्मबिट्स.एच मध्ये, म्हणजे कर्नलच्या हेडरमध्ये. ते टर्मिओस.एच शेजारी ठेवून कंपाइल केलं की जीसीसी हा कंपाइलर थांबतो: ‘स्ट्रक्ट टर्मिओस’ची पुन्हा व्याख्या झाली, पहिली व्याख्या बिट्स/टर्मिओस-स्ट्रक्ट.एच मध्ये आहे. एएसएम/टर्मबिट्सच्या जागी एएसएम/टर्मिओस.एच घेतलं आणि सोबत सिस/आयओसीटीएल.एच असेल, तर त्यात ‘विनसाइझ’ या स्ट्रक्चरच्या तशाच एररचीही भर पडते.

नाव एकच असलं तरी ही दोन स्ट्रक्चर वेगळी आहेत. कर्नलच्या टर्मिओसमध्ये कंट्रोल कॅरेक्टरची १९ घरं, जीलिबसीच्या टर्मिओसमध्ये ३२. एक्स८६ आणि एआरएमवर कर्नलचं टर्मिओस ३६ बाइटचं, टर्मिओस२ हे ४४ बाइटचं, तर जीलिबसीचं टर्मिओस ६० बाइटचं. जीलिबसी आपला ६० बाइटचा साचा प्रोग्रामला दाखवते आणि टीसीसेटअ‍ॅटर हे सेटिंग लावणारं फंक्शन बोलावलं की आतल्या आत त्याचं कर्नलच्या साच्यात रूपांतर करते. उद्या कर्नलला काही वाढवायचं झालं तर जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही सोय. टक्कर हा या सोयीचाच दुष्परिणाम आहे, म्हणून ती ‘दाबून’ टाकण्यात धोका आहे.

दाबून टाकायचे दोन प्रकार आम्ही दुसऱ्यांच्या कोडमध्ये वारंवार बघतो. दोन्ही कंपाइल होतात, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिला प्रकार: एएसएम/टर्मबिट्स काढून टाकायचं आणि टर्मिओस२ ची व्याख्या हाताने आपल्या फाइलमध्ये उतरवायची. वेग लावण्याच्या हुकमाचं नाव, टीसीसेट्स२, सिस/आयओसीटीएल.एच मधून मिळतंच. नुसतं तेवढंच वापरलं तर जीसीसी म्हणतो की अपूर्ण टाइपला ‘साइझऑफ’ लावता येत नाही, आणि त्यावरून माणसाला वाटतं की व्याख्या लिहून दिली की झालं. पण घरांची संख्या सांगणारं एनसीसीएस हे नाव आता टर्मिओस.एच मधून येतं, म्हणजे ३२. उतरवलेलं स्ट्रक्चर ४४ च्या जागी ६० बाइटचं होतं. टीसीसेट्स२ या हुकमाच्या आकड्यात स्ट्रक्चरची लांबी गुंफलेली असते. ४४ बाइटला तो आकडा दशमानात १०७६६४६९५५ येतो, ६० बाइटला वेगळा. कर्नल तो वेगळा आकडा ओळखत नाही आणि २५ क्रमांकाची एरर परत करतो: या उपकरणाला हा आयओसीटीएल (ड्रायव्हरला दिलेला हुकूम) लागू नाही. मग लोक कन्व्हर्टर बदलतात, केबल बदलतात, ड्रायव्हर परत टाकतात. दोष तिथे नसतोच.

दुसरा प्रकार जास्त वाईट. हुकमाचा आकडा थेट लिहायचा आणि स्ट्रक्चर मात्र तेच ६० बाइटचं ठेवायचं. आता कर्नल हुकूम ओळखतो, शून्य परत करतो, सगळं सुरळीत दिसतं. पण कर्नल वेग वाचतो ३६ आणि ४० या बाइटपासून, आणि आपण लिहिलेला असतो ५२ आणि ५६ वर. ३६ ते ४३ या बाइटांत आधीच्या टीसीगेट्स२ (सध्याची स्थिती वाचायचा हुकूम) ने भरलेला जुना वेग तसाच पडलेला असतो. कर्नल तोच परत लावतो. एररही नाही, वॉर्निंगही नाही. लाइन ९,६०० वरच राहते आणि बफरमध्ये कचरा येतो. यापेक्षा कंपाइलरने थांबवलेलं बरं.

तिसरा एक जुना उपाय आहे, सेटसिरियल या कमांडने कस्टम डिव्हायझर (घड्याळाचा भाजक) लावून ३८,४०० मागायचे. कर्नल आता त्यावर जुनाट म्हणून शेरा मारतो आणि सगळे ड्रायव्हर तो पाळत नाहीत. नव्या कामात तो घेऊ नये.

मग नीट कसं करायचं? आधी टक्कर कुठल्या जातीची आहे ते ओळखायचं. आम्ही नेहमी दोन ओळींची फाइल करतो: एका ओळीत लायब्ररीचं हेडर, दुसरीत कर्नलचं. ती फक्त सिंटॅक्स तपासायच्या पर्यायाने कंपाइल करायची, मग ओळी उलटसुलट करून पुन्हा. एकाच क्रमाने एरर आली तर कर्नलच्या हेडरात आधीच समजुतीची सोय आहे आणि नुसता क्रम बदलून भागतं. दोन्ही क्रमांनी आली तर ती दोन हेडर एका फाइलमध्ये नांदणारच नाहीत. टर्मिओस आणि टर्मबिट्सची जोडी दुसऱ्या जातीतली.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये नको असलेलं हेडर कुणी ओढून आणलं हेच कळत नाही. तिथे जीसीसीला कॅपिटल एच चा पर्याय द्यावा. प्रत्येक हेडरच्या आधी ठिपके छापून येतात. एक ठिपका म्हणजे आपण स्वतः घेतलेलं, दोन म्हणजे त्याने घेतलेलं, असं पुढे. एररमधलं फाइलचं नाव त्या यादीत शोधायचं आणि एकेक ठिपका कमी करत वर चढत जायचं. बहुतेक वेळा दोषी आपलंच एखादं सर्वसमावेशक हेडर निघतं, ज्यात कुणीतरी ‘असू दे’ म्हणून दहा गोष्टी भरून ठेवलेल्या असतात.

दोन्ही क्रमांनी भिडणाऱ्या जोडीला एकच खरा उपाय: स्वतंत्र सी फाइल. आमच्या प्रोजेक्टमध्ये वेग लावणारी एक छोटी फाइल आहे. तिच्यात एएसएम/टर्मबिट्स.एच आणि सिस/आयओसीटीएल.एच ही दोनच हेडर. ही दोघं एकमेकांना भिडत नाहीत, कारण टर्मबिट्समध्ये विनसाइझ नाही. टीटीवाय-आयओसीटीएलच्या मॅन पेजमधल्या उदाहरणातही हीच जोडी घेतलेली आहे. टर्मिओस.एच या फाइलमध्ये थेटही येता कामा नये आणि आपल्या एखाद्या हेडरच्या पोटातूनही येता कामा नये. फाइलमध्ये एकच फंक्शन: फाइल डिस्क्रिप्टर आणि वेग घ्यायचा, यश-अपयश परत करायचं. आत टीसीगेट्स२ ने सध्याची स्थिती वाचायची, सीबॉडचे, म्हणजे वेगाचे, बिट पुसून बी-अदर लावायचा. इनपुट वेगाचे बिट वेगळे असतात, सीबॉड हे आयबीशिफ्टने सरकवून मिळतात. तेही पुसून तिथेही बी-अदर लावायचा. मग दोन्ही वेगांच्या घरांत १,८७,५०० लिहायचे आणि टीसीसेट्स२. एवढंच.

या फंक्शनच्या सीमेवरून कुठलंही स्ट्रक्चर पलीकडे द्यायचं नाही, साधे पूर्णांकच द्यायचे. बी९६०० सारखी नावंसुद्धा द्यायची नाहीत. कर्नलच्या हेडरात बी९६०० ची किंमत १३ आहे, जीलिबसी २.४२ पासून तिच्या टर्मिओस.एच मध्ये ती सरळ ९,६०० झाली आहे. एकीकडून नाव दिलं आणि दुसरीकडे त्याचा अर्थ वेगळा लावला गेला, तर कंपाइलरला काहीही दिसणार नाही.

बाकीची सगळी मांडणी मुख्य फाइलमध्ये, टर्मिओस.एच च्या ओळखीच्या फंक्शननी. क्रम महत्त्वाचा आहे. लाइन कच्च्या रूपात आणणारा सीएफमेकरॉ आधी, कारण तो पॅरिटीचा बिट पुसून टाकतो. पीपीआयला ८ डेटा बिट, इव्हन पॅरिटी आणि १ स्टॉप बिट लागतो, म्हणून पॅरिटी त्याच्यानंतर चालू करायची. मग टीसीसेटअ‍ॅटर. वेग लावणारं आपलं फंक्शन सगळ्यात शेवटी. नंतर कुठे जुन्या प्रतीवरून परत टीसीसेटअ‍ॅटर झालं, तर त्या प्रतीतले वेगाचे बिट लागू होतात आणि लाइन जुन्या वेगावर जाते. लायब्ररीच्या पोटात कुणी तसं करत नाही ना, हे एसट्रेसला (प्रोग्रामचे कर्नलला होणारे कॉल छापणारं साधन) फक्त आयओसीटीएलचे कॉल दाखवायला सांगून पाहावं. टीसीसेट्स२ नंतर साधा टीसीसेट्स दिसला की तिथेच शोध थांबतो.

तपासणी इथे संपत नाही. टीसीसेट्स२ नंतर पुन्हा टीसीगेट्स२ करून आउटपुट वेगाचा आकडा वाचायचा. चांगला ड्रायव्हर तिथे प्रत्यक्षात जमलेला वेग लिहून ठेवतो. सगळे ड्रायव्हर लिहीत नाहीत, म्हणून घड्याळाचं गणित स्वतः करावं. एफटी२३२आर या यूएसबी-सिरियल चिपच्या घड्याळाचा पाया ३० लाखांचा; भागिले १६ केलं की नेमके १,८७,५००, बाकी शून्य. रास्पबेरी पाय ३ च्या पीएल०११ यूआर्टचं (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या भागाचं) घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ. १६ ने आणि १,८७,५०० ने भागलं की डिव्हायझर १६, पुन्हा नेमका. १.८४३२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या १६५५० यूआर्टवर मात्र १,१५,२०० हीच कमाल मर्यादा, तिथे हेडर कितीही नीट लावले तरी उपयोग नाही. पाय ३ वर आणखी एक गोष्ट: जीपीआयओ १४ आणि १५ वर मूळचा मिनी-यूआर्ट असतो आणि त्याला पॅरिटी येत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटी ओव्हरले घालून पीएल०११ त्या पायांवर आणायचा, कर्नलच्या कमांडलाइनमधून सिरियल कन्सोल काढायचा, आणि ट्रान्सीव्हर ३.३ व्होल्टचा, म्हणजे मॅक्स३४८५ घ्यायचा, ५ व्होल्टचा मॅक्स४८५ नव्हे.

वेग जुळला की हेक्सच्या छपाईत लगेच कळतं. ६८, मग लांबी, तीच लांबी परत, पुन्हा ६८, आणि शेवटी १६. अधूनमधून एकटा ई५ किंवा डीसीने सुरू होणारे टोकन. ही रचना दिसली म्हणजे बिट बरोबर पडताहेत. एका बाइटला पॅरिटी धरून ११ बिट, म्हणजे साधारण ५९ मायक्रोसेकंद. सेकंदाला १७,००० च्या घरात बाइट येऊ शकतात, तेव्हा वाचन एकेका बाइटने करू नये.

त्याच डब्यात नेटवर्कची फाइलही होती, आणि तिथली टक्कर वेगळ्या जातीची. नेट/इफ.एच लायब्ररीचं, लिनक्स/इफ.एच कर्नलचं, दोघांत इंटरफेसच्या झेंड्यांची आणि आयएफरेक या स्ट्रक्चरची व्याख्या आहे. लायब्ररीचं आधी आणि कर्नलचं नंतर घेतलं की २०१६ नंतरच्या कर्नल हेडरांवर कंपाइल होतं. यामागे लिनक्स/लिबसी-कॉम्पॅट.एच आहे, जे कर्नल ३.१२ मध्ये आयपीव्ही६ च्या अशाच भांडणासाठी आलं. ते बघतं की जीलिबसीचं हेडर आधीच येऊन गेलं आहे का. गेलं असेल तर कर्नल आपली तीच व्याख्या झाकून ठेवतो. क्रम उलटा केला की मात्र मोडतं.

पण इथे क्रम बदलण्याआधी एक प्रश्न विचारावा: लिनक्स/इफ.एच हवंच कशाला? आमच्या कोडमध्ये ते केबल जोडलेली आहे की नाही ते कळावं म्हणून होतं, ‘लोअर-अप’ झेंड्यासाठी. तो झेंडा आहे १७ वा बिट, ६५,५३६. आणि आयएफरेकमधलं झेंड्यांचं घर १६ बिटांचं. म्हणजे त्या मार्गाने तो कधीच दिसणार नव्हता. सिस फाइल सिस्टिममध्ये इंटरफेसच्या नावाखाली ‘कॅरियर’ नावाची फाइल असते. तिच्यात १ किंवा ० वाचायचा. हेडर गेलं, टक्कर गेली. अशा टकरींमध्ये हे बऱ्याचदा शक्य असतं.

शिनोळीच्या युनिटला डबा नव्हे, मिप्स प्रोसेसरचा राउटर आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं लिनक्स आणि मसल ही सी लायब्ररी. मसल स्वतःला जीलिबसी म्हणवत नाही, त्यामुळे लिबसी-कॉम्पॅटमधली जीलिबसीची फांदी तिला लागू होत नाही. तिच्याकडे इथरनेटच्या हेडरमध्ये ईटीएच-एचडीआर स्ट्रक्चर आहे, कर्नलच्या लिनक्स/इफ-इथर.एच मध्येही आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये मसल आपलं हेडर आल्यावर कर्नलला ‘तुझी व्याख्या झाक’ अशी खूण ठेवते. म्हणजे पुन्हा तोच नियम, लायब्ररीचं आधी. सिसइन्फो स्ट्रक्चरची टक्कर लिनक्स/कर्नल.एच मधून येते. टूलचेनची (कंपाइलर आणि लायब्ररींच्या संचाची) हेडर कर्नल ५.११ किंवा पुढची केली की बहुतेक ठिकाणी आपोआप मिटते. आणि मिप्सवर कर्नलची कंट्रोल कॅरेक्टरची घरं १९ नव्हे, २३ आहेत. टर्मिओस२ तिथे ४८ बाइटचं होतं आणि हुकमाचा आकडाही बदलतो. ज्याने १०७६६४६९५५ कोडमध्ये थेट कोरून ठेवला असेल त्याचं इथे अडतं. आमची वेगळी फाइल मात्र अडत नाही, कारण आकडा त्या त्या प्रोसेसरच्या हेडरमधूनच येतो.

टूलचेनबद्दल एक सांगायचं. प्रोग्रामसाठी लागणारी कर्नल हेडर ही हेडर-इन्स्टॉल करून काढलेली, यूएपीआय, म्हणजे प्रोग्रामसाठी खुल्या ठेवलेल्या, भागातली असावीत. डेबियनवर ती लिनक्स-लिबसी-डेव्ह पॅकेजमधून येतात. कर्नल मॉड्यूल बांधायला जे सोर्सचं झाड मिळतं त्यातला इन्क्लूड फोल्डर प्रोग्रामला जोडू नये, तो कर्नलच्या आतल्या वापराचा आहे. कर्नल ३.७ पासून हे दोन भाग वेगळे ठेवलेत ते याचसाठी. आणि यूएसआर/इन्क्लूडमधल्या फाइलला हात लावून एरर घालवू नका. पुढच्या अपडेटला ती फाइल पूर्ववत होते, आणि तोवर शेजारच्या संगणकावर तुमचा प्रोग्राम कुणालाच बांधता येत नाही.

एसडी कार्ड रीड-ओन्ली करणाऱ्या भागात सिस/माउंट.एच आणि लिनक्स/माउंट.एच भिडली, तर आधी जीलिबसीची आवृत्ती बघा. ऑगस्ट २०२२ मधल्या २.३६ ने नव्या माउंट कॉलची फंक्शनं आणताना माउंट-अ‍ॅटर हे स्ट्रक्चरही स्वतः लिहिलं, आणि लिनक्स/एफएस.एच हे लिनक्स/माउंट.एच ओढून आणतं म्हणून भलतीकडेच एरर येऊ लागल्या. दुरुस्ती नंतर २.३६ च्या शाखेतही आली आहे. स्वतः बांधलेल्या टूलचेनमध्ये ती मूळ आवृत्ती असेल तर टूलचेन पुढे न्या. आपल्या कोडमध्ये पॅच घालत बसायचं काम नाही. टाइम.एच आणि लिनक्स/टाइम.एच मध्ये टाइमस्पेक निभावून जातं, कारण दोघं एकच खूण बघतात, पण दुसरी स्ट्रक्चर भिडतातच, लिनक्स/टाइम.एच काढा, प्रोग्रामला ते क्वचितच लागतं. लिनक्स/सिरियल.एच मात्र निर्धास्त घ्या, ते टर्मिओसच्या वाटेला जात नाही.

२०२५ च्या जीलिबसी २.४२ मध्ये टर्मिओस.एच स्वतःच कुठलाही वेग घेतं. सीएफसेटस्पीडला १,८७,५०० दिले की काम होतं, बी-अदर आणि टर्मबिट्स दोन्हींची गरज उरत नाही. पण त्या लायब्ररीवर बांधलेली बायनरी त्या फंक्शनची २.४२ ची खूण मागते, आणि फाउंड्रीतल्या जुन्या डब्यावर सुरूच होत नाही. म्हणून आम्ही वेगळी फाइल ठेवलेली आहे. तिचा पर्याय मेकफाइलमध्ये आहे, हेडरमध्ये नाही: टार्गेटची जीलिबसी २.४२ किंवा पुढची असेल तर टर्मिओस.एच वापरणारी फाइल जोडली जाते, नाहीतर आणि मसलवर टर्मबिट्सची. दोन्हींत फंक्शनचं नाव एकच, त्यामुळे मुख्य प्रोग्रामला फरक कळत नाही.